साखरशेतच्या माळावरची होडी

जव्हार संस्थानात समुद्र नव्हता. डोंगर होते, दऱ्या होत्या, साग होता, ऐन होता, उतारावर नाचणी होती. समुद्र तेवढा राहून गेला होता. ह्यात दोष कुणाचाच नाही. पण आत्मारामपंत टिपणिसांना ही उणीव सोसवेना. पंत हुन्नर कचेरीचे मुख्य. कचेरी नवी, टेबल नवं, दौत नवी, फक्त हुन्नर कुठं दिसत नव्हता. एके दिवशी मुंबईच्या कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की किनाऱ्यावरच्या लहान लहान होडीवाल्या मिस्त्र्यांकडे हाताखाली शिकायला माणसं येईनाशी झाली आहेत, तेव्हा उमेदवारांना वेतन देऊन हा धंदा तगवला पाहिजे. झालं! पंतांच्या अंगात योजना संचारली, आणि दिवेलागणीच्या आत चौदा कलमं लिहून तयार झाली.

चौदा कलमांत काही म्हणता काही सुटलं नव्हतं. उमेदवार सोळा ते वीस वयाचा असावा, लिहिता-वाचता असावा, त्याला पोहता यावं, त्याच्या चालचलणुकीबद्दल दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे दाखले असावेत. गावोगाव दवंडी पिटली. एक माणूस फिरकला नाही. फिरकणार कोण? ज्याला लिहिता येत होतं तो कारकून व्हायच्या खटपटीत होता, आणि ज्याला पोहता येत होतं त्याला दवंडीतलं निम्मं कळलं नव्हतं.

मग आला लाडक्या. खरं म्हणजे तो आला नाही, भलत्या दारातून आत ढकलला गेला. साखरशेतचा हा माणूस, तिशी उलटलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. जंगल शिपायानं त्याची कुऱ्हाड काढून घेतली होती, ती सोडवायला तो जव्हारला आला होता. कुणी म्हणालं त्या कचेरीत जा, कुणी म्हणालं ह्या.

"साहेब, माझी कुऱ्हाड दे," तो पंतांना म्हणाला. डोंगरातला माणूस देवालाही अरे-तुरे करतो, तिथं साहेब कोण लागून गेला.

"लाकूडकाम येतं?" पंतांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"कुऱ्हाड दिलीस तर येतं."

"पोहता येतं?"

"पावसात येतं. उन्हाळ्यात कशात पोहू?"

पंतांना एवढं पुष्कळ झालं. त्यांनी वय एकोणीस लिहिलं, लिहिता-वाचता असं लिहिलं, चालचलणुकीचे दोन्ही दाखले स्वतःच लिहिले, आणि अंगठा तेवढा लाडक्याचा घेतला. कुऱ्हाड मागायला गेलेला गडी उमेदवार होऊन घरी आला. कुऱ्हाडही मिळाली म्हणा. ती परत आणायला मात्र त्याला आणखी दोन कचेऱ्या हिंडाव्या लागल्या.

घरी नवशी होती, त्याची बायको, मोखाड्याच्या बाजूची, पोशेऱ्याची. तोंडानं तिखट आणि कामाला दोन बायांना भारी.

"किती वर्सं?" तिनं विचारलं.

"तीन."

"आन भात, नाचनी?"

लाडक्या कुऱ्हाडीची धार बोटानं चाचपू लागला.

"कागद देतील का तिथं?"

"देतील म्हंतो साहेब. शिक्क्याचा. मिस्तरी झाला म्हनून."

नवशी चुलीशी बसली होती, ती उठून बाहेर आली. आजवर जंगल शिपायानं तिच्या नवऱ्याची कुऱ्हाड तीनदा नेली होती, आणि तीनही वेळा तिनं घरातली कोंबडी देऊन ती आणली होती. मिस्त्रीच्या हत्याराला शिपाई हात लावत नाही, हे तिनं जव्हारच्या बाजारात पाहिलं होतं. "मग जा," ती म्हणाली. "पर कागद घेतल्याबिगर तोंड दाखवू नको." त्या दिवसापासून कागद लाडक्याला हवा होता त्याहून जास्त तिला हवा होता.

डहाणूच्या अलीकडं एका खाडीवर देवजी मिस्त्री होड्या बांधायचा. कारखाना, कारखाना म्हणून पंतांनी कागदोपत्री जो गौरवला होता, तो म्हणजे झावळ्यांचा एक मांडव, दोन करवती आणि भिका नावाचा एक गडी. देवजी साठीचा, गुडघे गेलेला, मूलबाळ नसलेला. उमेदवारामागं मिस्त्रीला महिना पाच रुपये मिळणार होते, म्हणून त्यानं उमेदवार घेतला. शिकवायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लाडक्यानं पहिलं वर्ष राळ उकळली, पाणी भरलं, भिकाचे पाय चेपले. वर्षाअखेर देवजीनं कचेरीला कळवलं की उमेदवाराची प्रगती समाधानकारक आहे. पंतांनी उत्तर धाडलं की वाचून समाधान झालं. सगळेच समाधानी होते.

दुसऱ्या वर्षी मात्र देवजी अडला. होडीच्या पोटात बरगड्यांसारखी वाकडी लाकडं बसवतात, त्यांना वाक म्हणतात. सरळ ओंडका कापूनही वाकडा करता येतो, पण मग लाकडाचा दोरा तुटतो आणि पहिल्याच मोठ्या लाटेला बरगडी दगा देते. लाकूड झाडावरच वाकडं वाढलेलं पाहिजे. ठेकेदार डोंगरातून सरळसोट साग आणायचे. वाकडं झाड म्हणजे जळण, ते तिथंच टाकून यायचे. देवजी महिनाभर वखारी हिंडला, आणि परत येऊन वाळूत काठीनं एक वळण काढून शिव्या देत बसला.

लाडक्यानं ते वळण पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. "हा आमच्या पाड्याच्या वरल्या अंगाला हाय," तो म्हणाला. "दरड आली तवा लवला, मग परत वर उठला. पोशेऱ्याच्या वाटंला याचा भाऊ हाय, तो जरा जास्ती लवलाय."

"कोण भाऊ? कुणाबद्दल बोलतोस?"

"ऐनाबद्दल."

देवजीला वाटलं, गड्याला ऊन लागलं. पण गरज त्याची होती. ठेकेदाराच्या परवान्यावर लाडक्या डोंगरात गेला आणि नवव्या दिवशी बैलगाडीत चार वाकडे ऐन घालून आला. देवजीनं एक उचलून होडीच्या पोटाला लावला. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, पाच-सहा घाव घातले असतील नसतील, लाकूड जागच्या जागी बसलं. आयुष्यात कुणाला बरं न म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं ओढत असलेली अर्धी विडी लाडक्याच्या हातात दिली. त्यानंतर लाडक्याला कुणी पाणी भरायला लावलं नाही. फळी कशी तासायची, फळीला फळी कशी भिडवायची, फटीत कापूस कुठवर ठासायचा आणि वर राळ कधी ओतायची, सगळं देवजीनं त्याला दीड वर्षात दिलं. शिव्याही दिल्या, पण त्या सगळ्यांनाच मिळत.

आता एकच अडचण होती. होडीचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडायचा तो मिस्त्रीच्याच हातानं, असा खाडीवरचा रिवाज. आणि मिस्त्री म्हणजे मिस्त्रीचा मुलगा. पठाण मांडला नाही तो कितीही शिकला तरी हाताखालचाच. देवजीनं बाकीच्या मिस्त्र्यांना गोळा केलं, घसा बसेपर्यंत भांडला, आणि शेवटी त्यांनी कबूल केलं, की ह्या डोंगऱ्यानं दरबारच्या शिक्क्याचा कागद आणला तर मांडू दे. कबूल केलं, कारण त्याला असला कागद कोण देतोय ह्याची त्यांना खात्री होती. माणसं अनुभवी होती.

"कागद आण," देवजी लाडक्याला म्हणाला. "अक्षय तृतीयेनंतर नवी होडी धरायची आहे. तिचा पठाण तू मांड. पुढं हा मांडव पण तूच सांभाळ."

आणि परीक्षेचा हुकूम आला. तलाठ्यानं वाचून दाखवला. परीक्षा संस्थानच्या हद्दीतच होईल, कारण खाडी पडली इंग्रजी मुलखात. तिथं परीक्षा घेतली तर विद्येचं श्रेय इंग्रज घेऊन जायचा. उमेदवारानं दहा हात लांबीची होडी एकट्यानं बांधावी. माघ महिन्यात तपासणी होईल. आणि लबाडीला वाव राहू नये म्हणून तपासणी होईपर्यंत होडी पाण्यात घालू नये.

देवजीनं कपाळावर हात मारला. "पाण्यात घालायची नाय तर काय झाडावर टांगायची? अरे, कोरडी होडी उन्हात ठेवली तर फळ्या आटतात, भेगा पडतात! ह्या पंतानं होडी पाहिली तरी आहे का कधी?" पंतांनी पाहिली होती. चित्रात.

पण माघात ऊन कोवळं असतं, तेवढ्यात निभावलं असतं. लाडक्यानं साखरशेतच्या माळावर होडी बांधायला घेतली. वाक आपल्याच डोंगरातले निवडले, फळ्या तासल्या, देवजीनं दिलेला कापूस आणि राळ पाठीवरून आणली. पाडा बघायला लोटला. शेजारचा ढवळू रोज येऊन बसायचा आणि रोज विचारायचा, "लाडक्या, हिला बैल कुठल्या अंगाला जुपायचे?" पौषाच्या अखेरीला होडी उभी राहिली. हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. ढवळूनंही हात फिरवला आणि त्या दिवसापुरता बैलांचा विषय काढला नाही.

माघ आला. साहेब आले नाहीत. त्यांच्या पडशानं उचल खाल्ली होती. फाल्गुन आला, होळीच्या दिवसांत रस्त्यात लोक पोस्त मागतात म्हणून साहेबांनी येणं टाळलं. चैत्रात त्यांच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. आता मेव्हण्याचं लग्न काही रोज निघत नाही, होडीचं काय, ती माळावर आहेच! दर खेपेला एक हुकूम मात्र न चुकता यायचा, की होडी पाण्यात घालू नये.

आणि ऊन तापलं. लाडक्यानं होडीवर पाल्याचा मांडव घातला, तिच्या पोटात भाताचा पेंढा पसरला आणि पेंढा भिजत ठेवायला सुरुवात केली. ओला पेंढा असला की फळ्या धरून राहतात. त्याला रोज चार हंडे पाणी लागायचं. माघात चार हंडे म्हणजे काहीच नाही. चैत्रात झरा आटत आला, बाया पहाटेपासून रांग लावून वाटीवाटीनं पाणी उपसू लागल्या, तेव्हा चार हंडे म्हणजे चार घरांचा दिवस. लाडक्यानं चारचे दोन केले, दोनाचा एक केला. वैशाख लागला तशी घरटी एकच हंडा, असं बायांनी ठरवून टाकलं.

"बस झालं," त्या संध्याकाळी लाडक्या नवशीला म्हणाला. "आता होडीला नाय घालायचं."

"का?"

"का म्हंजी? पिऊ काय?"

"कमी पिऊ," नवशी म्हणाली, आणि विषय तिच्यापुरता संपला.

त्याच्यापुरताही संपला, असं त्याला वाटलं. पण चार दिवस झाले तरी फळ्या भेगाळेनात. पाचव्या पहाटे तो उठून माळावर गेला, तर नवशी होडीत वाकून पेंढ्यावर पाणी शिंपडत होती. निम्मा हंडा तिनं ओतला होता. ओठ फुटून त्यांवर रक्त वाळलेलं. तिनं चार दिवस पाणी प्यायलं होतं की नुसतं तोंड ओलं केलं होतं, देव जाणे. लाडक्यानं तिच्या हातातून हंडा ओढला.

"सोड!" ती ओरडली. "तीन वर्सं भात मी एकटीनं लावला, एकटीनं काढला. नाचनी काढली. तुजी आई आजारी पडली ती मी काढली. तवा तू कुठं होतास? तवा मी काय बोलली? आन आता चार दिवसांसाठी तू माला पानी मोजून देतोस?"

त्याला तिचा राग आला, आणि रागाहून जास्त रडू आलं. तो हंडा घेऊन घरी चालू लागला आणि नवशी मागून त्याला शिव्या देत राहिली. तिसऱ्या दिवशी होडी उकलली. सांध्यातला कापूस लोंबायला लागला, आणि फटींतून पलीकडचा डोंगर दिसू लागला.

साहेब कधी यायचे? पाचव्या दिवशी आले, दुसरे कधी येणार!

चार माणसांच्या खांद्यावरच्या डोलीतून आले. बरोबर कारकून, शिपाई, छत्री. माणसं घामानं निथळत होती आणि थकले होते पंत. माळावर पाडा गोळा झालेला. सतरंजी टाकून साहेबांना बसवलं. पाहुण्याला पाणी द्यायचं, एवढी रीत वैशाखातही सुटत नाही. नवशीनं घरातला हंडा आणून पुढं ठेवला. त्या दिवसाचा तोच होता. पंतांनी दोन घोट घेतले, एक चूळ भरून लांब टाकली, आणि मग पायांवर धूळ बसली होती म्हणून उरलेलं सगळं पाणी त्यांनी सावकाश, एका पायावर आणि मग दुसऱ्या पायावर, ओतून घेतलं. पाडा बघत होता. धाकली नावाची एक म्हातारी तेवढी पदर तोंडाला लावून तिथून उठून गेली.

"हं, दाखव," पंत म्हणाले.

लाडक्यानं दाखवली. पंतांनी फटीत काठीचं टोक घातलं, ते पलीकडं निघालं. त्यांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं टाक बुडवला.

"साहेब," लाडक्या म्हणाला, "ही सुकलीय. मोडली नाय. रातभर पानी भरून ठेवली तर फळ्या फुगतील, सांधे मिटतील. सकाळी बघ, टिपूस गळनार नाय."

पंत काही दुष्ट नव्हते. कष्ट पडणार नसतील तर ते न्यायाला नेहमी तयार असत. "किती लागेल पाणी?"

"चाळीस हंडे. पयलं सगळं वाहून जाईल. मग आनखी चाळीस."

"मग भरा की! त्यात काय? आम्ही आज मुक्काम करू. शिपाई, ह्या बायांना पाण्याला धाडा."

शिपाई पुढं झाला, पण बाया हलल्या नाहीत. मग त्यांच्यातून कमू पुढं आली. चार पोरांची आई, सगळ्या पाड्यात भांडखोर म्हणून नाव काढलेली. चैत्रात होडीपायी तिनंच नवशीशी झऱ्यावर झिंज्या धरून भांडण केलं होतं.

"आनू," कमू म्हणाली. "झरा खरवडून काढू. तीन दिवस कळ काढू आमी. पोरं रडतील, रडू दे. पर आमच्या मानसाला तो कागद दे." आणि ती मागं वळली. "चला गं, घ्या हंडे."

बाया खरंच उठल्या. नवशी सगळ्यांच्या पुढं. उन्हात डोकी झाकून, रिकामे हंडे कमरेवर घेऊन पंधरा-वीस बाया झऱ्याच्या वाटेला लागल्या. लाडक्यानं आपल्या होडीकडं पाहिलं. देवजी अक्षय तृतीयेपासून बाकीच्या मिस्त्र्यांना थोपवून बसला असेल, हे त्याला दिसत होतं. एक रात्र. एकाच रात्रीचं पाणी. मग त्यानं साहेबांच्या पायांखालची ओली माती पाहिली, ती एवढ्यात सुकायलाही लागली होती.

"थांबा गं!" तो ओरडला. त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. बाया थांबल्या. "साहेब, तू नापास लिही."

"काय?"

"नापास लिही न् जा. झऱ्यातलं पानी पोरांचं हाय."

पंतांना हे आवडलं नाही. नापास करायचा अधिकार त्यांचा. उमेदवारानं तो असा परस्पर वापरावा, हे चौदा कलमांत कुठं बसत नव्हतं. पण मुक्काम टळला. त्यांनी लिहिलं: 'उमेदवारास लाकूड उन्हापासून जपण्याचे ज्ञान नाही. सबब अनुत्तीर्ण.' सही केली आणि डोलीत बसले.

नवशी पंधरा दिवस लाडक्याशी बोलली नाही. ताट आपटून वाढायची, पण वाढायची. सोळाव्या दिवशी तिनं स्वतःच त्याचं वाकस फडक्यात बांधलं, भाकरी बांधली आणि म्हणाली, "जा खाडीवर. हात काय नापास नाय झाला." मग ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आषाढात माळावरची होडी पावसानं काठोकाठ भरली. सांधे मिटले. एक थेंब गळत नव्हता. लाडक्याच्या भावकीतल्या जिवा नावाच्या गड्यानं जव्हारला जाऊन कचेरीत तसं सांगितलं. कचेरीनं विचारलं, फेरतपासणीच्या अर्जाची मुदत ज्येष्ठात संपली, हे उमेदवारास ठाऊक नव्हते काय?

लाडक्या त्याआधीच खाडीवर गेला होता. देवजीच्या नव्या होडीचा पठाण त्यानं तासला, घासला, जागेवर आणला. मुहूर्ताला देवजीच्या पुतण्यानं त्यावर हात ठेवला आणि नारळ फोडला. पुतण्या मिस्त्रीच्या घरातला, सतरा वर्षांचा, वाकसाला धार कुठल्या बाजूला असते हे विचारून घेणारा. देवजीनं त्या दिवशी जेवण केलं नाही. पुढं देवजी गेला, मांडव पुतण्याकडं गेला, आणि लाडक्या तिथंच राहिला. कागद नाही म्हणून मिस्त्री नाही, आणि परीक्षा झाली नाही असंही नाही. तेव्हा हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढं 'उमेदवार' असंच लिहीत गेले. एक वर्ष नाही, दोन नाही, तेवीस वर्षं. केस पिकले, दात पडले, दोन होड्यांमधल्या दिवसांत तो साखरशेतला येऊन भात लावून जाई, आणि वहीत उमेदवार तो उमेदवार.

ह्या काळात पंत बढती मिळून गेले आणि योजना मात्र राहिली, कारण ती बंद करायला कुणाला आठवण झाली नाही. डोंगरातून आणखी पोरं येऊ लागली. परीक्षाही आता खाडीवरच व्हायची. नव्या साहेबांना समुद्राची हवा मानवत असे. एका वर्षी सहा पोरं बसली आणि सहाही पास झाली. साहेब खूश झाले. असलं काम करणाऱ्या मिस्त्रीला दरबारातून शेला द्यावा, असं त्यांच्या मनात आलं.

"तुम्हाला शिकवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

पोरांनी मांडवाच्या कडेला बोट दाखवलं. तिथं एक म्हातारा वाकडा ऐन मांडीवर घेऊन तासत बसला होता.

साहेबांनी कारकुनाकडून वही मागवली, पान उलटलं, नाव शोधलं. मग त्यांनी वही मिटली आणि शेला पुतण्याला दिला.